उघडा ठेवलेला जोड

बोथ गावच्या लोकांनी बर्फ पाहिला तो एक तर फ्रीजमधला, नाही तर मासळीवाल्याच्या खोक्यातला. त्यामुळं श्रावण सरता सरता अमर हैदराबादहून छोटा टेम्पो घेऊन आला आणि बर्फावर पळणाऱ्या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाचं हेड त्यानं दुकानासमोर उतरवलं, तेव्हा पाहायला पंधरा-वीस माणसं जमली. चाकं कुठं आहेत, असं एकानं विचारलं. चाकं नसतातच, अमरनं सांगितलं; पुढं दोन घसरपट्ट्या आणि मागं रबराचा रुंद पट्टा. मग तिला नांगर जुंपता येईल का, असं दुसऱ्यानं विचारलं, आणि लोक हसत पांगले.

दुकान धोंडीबांचं. धोंडीबा जाऊन सहा वर्षं झाली, पाटीवर नाव त्यांचंच आहे. जन्मभर त्यांनी जिनिंगच्या गिरण्यांची कामं केली. सरकीपासून सुटलेला कापूस हवेच्या जोरावर पुढं ओढून नेणारे मोठाले पत्र्याचे नळ असतात, त्यांचे बाक वळवण्यात धोंडीबांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. हात अकालीच कापायला लागले तेव्हा त्यांनी आपली विद्या थोरल्या लेकीला दिली. सुनयना गावातच दिलेली. सकाळी तुळशीला पाणी, एकशे आठ वेळा देवाचं नाव, मगच तोंडात घोट, आणि त्यानंतर पदर खोचून दुकानात. शुक्रवार, एकादशी, चतुर्थी, कुठलाच वार तिनं कधी चुकवला नाही आणि कामातली तारीखही चुकवली नाही. नवरा राजकुमार भाजीपाला पिकवायचा आणि बाजारात बसायचा. तो म्हणायचा, "आमच्या घरात देव आन् आर्गनचं सिलिंडर, दोघांचं सोवळं सारखंच हाय."

अमर तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. त्याला तिनंच कडेवर वाढवलं, तिनंच पहिल्यांदा वेल्डिंगची टोपी घातली. पण त्याचं मन बाकांत रमलं नाही. त्याला वेग हवा होता. तो हैदराबादला शर्यतीच्या गाड्या बांधणाऱ्या रविकांत सेठच्या गॅरेजात मेकॅनिक म्हणून लागला होता.

काम असं होतं. त्या गाडीला तीन सिलिंडर. तिन्हीतून निघणारा जळका धूर तीन नळ्यांनी गोळा करून टर्बोच्या तोंडात सोडायचा, म्हणजे त्या धुराच्याच जोरावर टर्बो फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. या तीन नळ्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. मूळ हेडर तडकला होता. बाहेरून मागवायचा तर शर्यत होऊन जाईल. शर्यत माघात, हिमाचलात. शिवाय सेठनं टर्बोची जागा बदलली होती, म्हणून बाजारातला तयार हेडर बसणारही नव्हता. बॉनेटखाली जागा एवढीशी, एका बाजूला स्टिअरिंगचा दांडा, मागं पेट्रोलची टाकी, आणि तिन्ही नळ्यांची लांबी मात्र सारखी हवी. हैदराबादच्या दोन कारागिरांनी हात वर केले, तेव्हा अमर सेठला म्हणाला होता, आमच्या दुकानात होईल.

सुनयनानं हेडच्या तिन्ही तोंडांवर बोट फिरवलं, टर्बोचं रिकामं कवच हातात धरून तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. मग म्हणाली, हे तर जिनिंगचंच काम हाय, फक्त कापसाच्या जागी धूर.

"म्हणूनच तुह्याकडं आणलं, अक्का," अमर म्हणाला. "सेठला मी सांगणार हाय, माह्या अक्काचा हात हाय म्हणून. ते म्हणत होते, बसवाच्या टायमाला बनवणाऱ्यालाच घेऊन ये. तू येजो माह्यासंगं. सगळ्यांच्या पुढं उभी करतो तुला."

ती नुसती हसली. पण ते वाक्य तिच्या आत जाऊन बसलं. पंचवीस वर्षं ती हे काम करत होती. गिरणीवाले यायचे, काम पाहायचे, आणि म्हणायचे, धोंडीबाच्या दुकानाचं काम म्हणजे काम. वडील होते तोवर तिला त्यात सुखच होतं. ते गेल्यावरही लोक तसंच म्हणत राहिले, आणि राजकुमार काउंटरवर दिसला की त्यालाच शाबासकी देऊन जायचे. तिनं कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. आपल्या तोंडानं आपलं नाव घेणं तिला जमायचं नाही. दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर गोष्ट वेगळी, आणि तो दुसरा अमर असता तर आणखीच वेगळी.

दीड महिना ती त्या हेडरवर बसली. आधी लोखंडी पट्टीवर हेड आणि टर्बोचं कवच गाडीत जसं बसणार तसं पक्कं धरणारा सांगाडा केला. मग धोंडीबांची रीत: पाइपावर वर्तमानपत्र गुंडाळायचं, त्यावर पेन्सिलीनं लाटेसारखी रेष काढायची, कागद उलगडून तीच रेष पुढच्या तुकड्यावर उतरवायची. त्या लाटेवर पाइप कापला की कलिंगडाच्या फोडीसारखा काप निघतो, एका बाजूनं जाड, एका बाजूनं निमुळता. असे काप एकापुढं एक जोडत गेलं की सरळ पाइप हवा तसा वळतो. तीन नळ्यांचे मिळून एकेचाळीस काप झाले. पाइप स्टीलचा, पातळ. जरा हात रेंगाळला की भोक. आणि जोड आतूनही गुळगुळीत हवा, म्हणून नळीची तोंडं बंद करून आतही आर्गन वायू भरायचा, नाही तर आतल्या अंगाला साखरेसारखे काळे दाणे धरतात. "कापूस जिथं अडकतो तिथंच आग लागते," धोंडीबा म्हणायचे. ती प्रत्येक जोडाला आरसा घालून आत पाहायची.

नवरात्र लागलं. नऊ दिवस ती अनवाणी राहायची, अन्न एक वेळ. शेजारच्या तेलुगू बायका संध्याकाळी फुलांची बतुकम्मा रचून टाळ्यांच्या तालावर फेर धरायच्या, आणि इकडं सुनयना लाकडी पाटावर बसून, पायांवर ओलं पोतं घेऊन ठिणग्या उडवायची. राजकुमारनं एकदा तिच्या पायावरचा चट्टा पाहून सांगितलं, देवीला म्हणावं, हिला चपलेची सूट दे, ही तुहीच कामं करून राह्यली. नवरात्रात काही मागायचं नाही असा तिचा नेम होता. तिनं मागितलंही नाही. पण आरतीच्या वेळी डोळे मिटले की एक मोठं गॅरेज दिसायचं, पांढरे दिवे, माणसं, आणि अमरचा आवाज. दिसायचं, त्याला ती काय करणार.

अष्टमीला अमरचा फोन आला. दसऱ्याला सेठ सगळ्या टीमला गाडी दाखवणार आहेत, तेवढं आवरून टाक. तिनं सांगितलं की चाळीस जोड झाले, टर्बोवर बसणाऱ्या चकतीचा, फ्लँजचा, शेवटचा राहिला, तो दसरा झाल्यावर. एकादशीला पुरा करते, द्वादशीला दोघं मिळून घेऊन जाऊ. तो चिडला नाही. बरं म्हणाला.

शेवटचा जोड ठेवण्यामागं कारण होतं. धोंडीबांच्या दुकानाची ती चालच होती. खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडायची ती काम पुरं करून नव्हे, तर एक जोड उघडा ठेवून. हत्यारं रिकाम्या हातानं झोपवली तर ती पुन्हा उठत नाहीत, असं ते म्हणत. त्या उघड्या जोडावर दोन टाके मारून तुकडा नुसता धरून ठेवायचा आणि तेलात कालवलेला शेंदूर बोटानं त्या फटीत भरायचा. मग कुलूप. दसऱ्याला सोनं वाटून झाल्याशिवाय कुणी आत पाय टाकायचा नाही. आणि पुन्हा काम धरायचं त्या पहाटे, उपाशीपोटी, तो शेंदूर काढायचा. नुसता पुसून नव्हे. थिनरनं तीनदा धुवायचा, स्टीलच्या ब्रशनं घासायचा, दोन्ही कडा कानशीनं नव्या करायच्या. शेंदरात शिसं असतं. स्टीलच्या जोडात ते गेलं की वरून सगळं झकास दिसतं आणि तापलं की आतून चिरतं. हा सगळा खटाटोप लहानपणापासून सुनयनाच करायची. अमर उठून यायचा तेव्हा जोड लखलखीत असायचा.

नवमीला तिनं ग्राइंडर, कानशी, वडिलांचं कंपास, आर्गनची नळी पाटावर मांडली. मधोमध हेडर ठेवला. शेंदूर भरला, नारळ फोडला, कुलूप लावलं, किल्ली मागच्या खोलीत आईजवळ दिली आणि घरी गेली.

दसऱ्याच्या दुपारी सोनं घेऊन ती आली, आईच्या पाया पडली, दुकान उघडलं. पाटावर हत्यारं होती, झेंडूची फुलं होती. मध्ये फुलांचाच एक गोल होता आणि त्याच्या आत काही नव्हतं. भिंतीशी उभा ठेवलेला सांगाडाही हेडसकट गेला होता.

चोरी, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं राजकुमारला हाक मारली. तो ठाण्यात जायला गाडी काढायला लागला, तेव्हा आई, राहीबाई, दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की ठाण्यात कशाला, अमर नेऊन गेला. काल दुपारीच आला होता. अक्कानंच न्यायला सांगितलं म्हणाला.

"मी काऊन सांगीन, माय? हत्यारं पूजेत असताना?"

राहीबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "त्याचं बी तर हाय दुकान."

अमरचा फोन बंद होता. सेठला घाई झाली असेल, त्यानं दटावलं असेल, अमरला आपल्याला विचारायची लाज वाटली असेल. सुनयनानं संध्याकाळपर्यंत अशी चार-पाच कारणं स्वतःच जुळवली. लोक सोनं द्यायला येत होते, ती सगळ्यांना पाणी देत होती. दिवेलागणीला राजकुमार मोबाइल घेऊन आत आला आणि तो तिच्या हातात दिला.

गॅरेजच्या पानावर व्हिडिओ होता. पांढरे दिवे, माणसं, मधे ती गाडी, बॉनेट उघडं, आणि आत तिचा हेडर बसलेला. तो पाहून तिला आधी, अगदी क्षणभर, आनंद झाला. जागेत इतका नेमका बसला होता की स्टिअरिंगच्या दांड्याला बोटभर मोकळी जागा राहिली होती. मग सेठनं माइक अमरपुढं धरला. अमर हिंदीत सांगू लागला. आमच्या खानदानात जिनिंगचं काम. वडिलांनी मला वर्तमानपत्रावर लाट काढायला शिकवलं. एकेचाळीस तुकडे आहेत, गावी जाऊन-येऊन दीड महिना लागला, नवरात्रात अनवाणी बसून केलं. कापूस जिथं अडकतो तिथं आग लागते, असं वडील मला म्हणायचे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेठनं त्याला मिठी मारली.

राजकुमार शिवी देणार होता, पण बायकोच्या तोंडाकडं पाहून त्यानं ती गिळली. सुनयना रडली नाही. तिला नवल एका गोष्टीचं वाटलं: तिचे अनवाणी पायसुद्धा त्यानं नेले. हेडर न्यावा, एक वेळ समजतं. पाय काय करायचे होते त्याला?

ती देवघरात जाऊन बसली. माळ हातात घेतली आणि अकराव्या-बाराव्या मण्यावर तिचा हात थांबला. तिनं व्हिडिओ पुन्हा मागून घेतला, फ्लँजपाशी थांबवला, मोठा करून पाहिला. शेवटचा जोड भरलेला होता. म्हणजे काल नेऊन त्यानं कालच भरला. पहाट नव्हती, थिनर नव्हतं. फार तर फडक्यानं पुसला असेल. जोडाच्या कडेला केशरी रेघ आहे की दिव्याची तिरीप, ते फोनवर कळत नव्हतं, पण तिला पाहायची गरज नव्हती. त्या जोडाच्या मागं वीतभरावर पेट्रोलची टाकी होती.

व्हिडिओच्या शेवटी सेठ सांगत होता, उद्या दुपारी गाडी पहिल्यांदा सुरू करणार, आमची पूनम बसणार. हिमाचलची ती मुलगी शेजारीच उभी होती, विशीतली, हसरी, हाताच्या बोटांनी बॉनेट वाजवत.

उद्या दुपारी तो जोड चिरला की अमर सगळ्यांपुढं उघडा पडणार. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याची तर तिला जन्माची सवय. हा विचार आला आणि तिला आपलीच इतकी भीती वाटली की तिनं माळ खाली ठेवली आणि अमरला फोन लावला.

सातव्यांदा त्यानं उचलला. ती काही बोलायच्या आतच तो सुरू झाला की अक्का, तुला सगळं समजावून सांगतो, सेठनं एकदम माइक दिला, तोंडातून निघून गेलं. तिनं त्याला थांबवलं.

"शेंदूर काढला होता का, अमर?"

"पुसला ना."

"धुतला होता का?"

तो म्हणाला, "तू इकडं येऊ नको, अक्का. तुह्या पाया पडतो." आणि फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन लागलाच नाही.

सेठच्या गॅरेजचा नंबर अमरनं हेडसोबत दिलेल्या गाडीच्या नकाशाच्या कागदावर छापलेला होता. तिनं आयुष्यात कुणा अनोळखी माणसाला स्वतःहून फोन केला नव्हता. हिंदी जुळवत तिनं सांगितलं की मी अमरची मोठी बहीण, शेवटच्या जोडात शेंदूर राहिला आहे, त्यात शिसं असतं, गाडी सुरू करू नका. सेठ अदबीनं बोलला. थांबा अम्मा, विचारतो, म्हणाला. फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला, पण हात नीट ठेवला गेला नसावा. अमरचं बोलणं तिला स्पष्ट ऐकू आलं.

"सेठ, मेरी दीदी बहोत उपास-तापास करती है. पूजा में रखी हुई चीज़ उठा लाया ना, इसलिए डर गई है. उसको लगता है देवी का कोप होगा."

सेठ पुन्हा फोनवर आला. आवाजात हसू होतं, पण चांगलं हसू. अम्मा, चिंता करू नका, आम्हीपण उद्या नारळ फोडूनच गाडी सुरू करू.

नाव चोरलं ते तिनं सहन केलं असतं. खरं तर करायला लागलीही होती. पण तिची श्रद्धा काढून त्यानं तिच्या ज्ञानावर झाकण ठेवलं होतं. आणि त्याला ठाऊक होतं. घरातल्या दुसऱ्या कुणालाही नसेल, पण अमरला नक्की ठाऊक होतं, की शेंदूर लावताना ती लेक असते आणि काढताना कारागीर.

एकादशी. पहाटे तुळशीला पाणी घालून, अर्धंमुर्धं नाव घेऊन तिनं पिशवी भरली: टोपी, हातमोजे, कानशी, स्टीलचा ब्रश, थिनरची बाटली. राजकुमारनं मोटारसायकलवर तिला हायवेपर्यंत सोडलं. मी येतो म्हणाला, तर तिनं नको म्हणून सांगितलं. तू आलास तर भांडण होईल आणि जोड राहून जाईल.

दुपारी एकच्या सुमाराला ती गॅरेजात पोचली. नऊवारी नव्हे, साधं पाचवारी सुती लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, खांद्याला पिशवी. कुणाला वाटलं वर्गणी मागायला आली. पूनम गाडीवर चढून बसली होती, हेल्मेट मांडीवर. अमर बॉनेटपाशी होता. त्यानं बहिणीला पाहिलं आणि पाना हातातच राहिला.

सुनयना थेट सेठपाशी गेली. मला देवीचं काही सांगायचं नाही, ती म्हणाली. तुमच्याकडं तडे शोधायचं ते लाल औषध असेल. फवारायचं, पुसायचं, वरून पांढरी पावडर मारायची. वीस मिनिटं लागतील. काही निघालं नाही तर मी नमस्कार करून परत जाईन.

सेठनं तिच्याकडं नव्यानं पाहिलं. औषध होतं. सेठ अमरला म्हणाला, खोल. अमरनंच हेडर खोलला. एक नट त्याच्या हातून खाली पडला आणि गाडीखाली घरंगळत गेला. कुणी तो उचलायला वाकलं नाही.

लाल औषध मारलं, थांबले, पुसलं. पांढरी पावडर मारली. चाळीस जोड पांढरे राहिले. एकेचाळिसाव्यावर आधी काहीच दिसलं नाही, आणि मग, दुधात कुंकवाचं बोट बुडवावं तशी, एक बारीक लाल रेघ वर आली. जोडाच्या कडेनं अर्धं वर्तुळ वळली आणि थांबली. अजून गाडी तापलीसुद्धा नव्हती.

पूनम गाडीवरून उतरली. तिनं ती रेघ पाहिली, मग टाकी पाहिली, मग हेल्मेट हळूच जमिनीवर ठेवलं.

सुनयनानं विचारलं, आर्गनचं मशीन कुठं आहे. तिनं जोड कापून काढला, कडा घासल्या, धुतल्या, पुन्हा धुतल्या, तोंडं बंद करून आत आर्गन सोडला. मग टोपी घातली. पाऊण तास गॅरेजात फक्त आर्गनचा फसफस आवाज होता. तिनं टोपी काढली तेव्हा जोड निळा-सोनेरी होऊन निवत होता, एकावर एक बारीक वळ्या, जणू कुणी नाणी सरकवत नेली आहेत.

वेल्डिंगला अक्षर असतं. पूनमला यातलं काही कळत नव्हतं, तरी तिनं बोट नव्या जोडावरून फिरवलं, तसंच मागच्या जोडावर नेलं, त्याच्या मागच्यावर, थेट पहिल्या सिलिंडरपर्यंत. सगळीकडं तेच अक्षर होतं. कापून काढलेली अमरची कडी टेबलावर वेगळी पडली होती, तिचं अक्षर वेगळं होतं.

सेठनं अमरला विचारलं, बाकीचं कुणी केलं?

हाच तो क्षण होता. पांढरे दिवे होते, माणसं होती. सुनयनानं मान खाली घातली होती आणि हातमोजे काढायला उगाच वेळ लावत होती. एवढं होऊनही ती वाट पाहत होती. त्यानं आत्ता म्हटलं असतं, तर कालचा सगळा दिवस तिनं पुसून टाकला असता, धुऊन, घासून, कडा नव्या करून.

अमर म्हणाला, "दुकान हमारा है, सेठ."

त्यात खोटं काहीच नव्हतं. आई म्हणाली होती तसंच होतं. सेठनं मग सुनयनाकडं पाहिलं, आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोंडानं सांगितलं, "मी केलं."

लोक बोलू लागले. सेठनं हात जोडले. पूनमनं तिला मिठी मारली आणि आपल्या हिमाचली बोलीत काहीतरी म्हणाली. सगळ्या टीमचे हेडर तुम्हीच करा, सेठ म्हणाला, शर्यतीला हिमाचलात या, बर्फ पाहा. ती पाहू म्हणाली. हे सगळं तिनं डोळे मिटून जसं पाहिलं होतं तसंच होत होतं, आणि ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. जे पोचायला हवं होतं ते या लोकांजवळ नव्हतंच. अमर केव्हाच मागच्या दारानं बाहेर गेला होता.

तो तिला बसस्टँडवर भेटला. हातात केळी, शेंगदाण्याची चिक्की, पाण्याची बाटली. आज एकादशी आहे हे त्याच्या लक्षात होतं. चिक्कीसुद्धा गुळाची आणली होती, कारण साखरेची तिला चालत नाही. त्यानं ते सगळं तिच्या पिशवीत नीट ठेवलं, खिडकीची जागा धरून दिली. मग खाली उभा राहून, खिडकीच्या गजांना धरून हळूच म्हणाला, "अक्का, सेठ उद्या बोलावणार हाय मला. तू एक फोन कर ना त्याईले. म्हण, दोघांनी मिळून केलं. एवढंच. माही नोकरी राहील."

सुनयनानं त्याच्याकडं पाहिलं. लहानपणी ताप आला की असाच चेहरा व्हायचा त्याचा, नाकाचा शेंडा लाल. तिचा हात गजांपर्यंत गेला आणि त्याच्या बोटांवर टेकला.

"मी तुह्यासाठी गप बसत होती, अमर. काल रात्रीपर्यंत बसली बी. कोणी विचारलं असतं तरी बसली असती." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, शेजारच्या बाकावरच्या बाईलाही ऐकू जाणार नाही इतका. "पण तू म्हटलं, ती उपास करते म्हणून तिला काही कळत नाही. आता मले गप बसता येत नाही. आन् खोटं तर मी बोलतच नाही."

"अक्का."

"घरी ये. माय वाट पाहते. जेवायला वाढीन. दुकानात येऊ नको."

ड्रायव्हरनं बस सुरू केली. अमरनं गज सोडले नाहीत, दोन पावलं बसबरोबर चालला, मग सुटले. सुनयनानं पिशवीतून माळ काढली. एकशे आठ पुरे व्हायचे होते, सकाळी घाईत अर्धे राहिले होते. पहिला मणी बोटात धरला आणि तिला नाव आठवेना. बस शहराबाहेर पडेपर्यंत ती तो एकच मणी धरून बसली होती.